चेहऱ्यावरच्या आचक्यांसह जगताना: ओळख, तपासणी आणि उपचार यांच्या पायऱ्या

मी दुसरीत असताना माझे डोळे विनाकारण मिचकावले जाऊ लागले, काही महिन्यांनी त्यात नाक मुरडण्याची भर पडली आणि पाचवीपर्यंत तोंडाचा उजवा कोपरा कानाकडे ओढला जाऊ लागला. पुण्यात पेठेतल्या ज्या वाड्यात आम्ही राहत होतो, तिथे सर्वांचे एकमत होते की हा चाळा आहे आणि धाकाने तो सुटेल. आजीने मीठमोहऱ्या उतरवून दृष्ट काढली, वडिलांनी जंतांचे औषध आणले, आणि शाळेतल्या एका बाईंनी मला फळ्यापुढे उभे करून तोंड एकदाही वेडेवाकडे न करता पाढा म्हणायला लावला. नऊचा पाढा मी तसा म्हणून दाखवला आणि तोच पुढे कित्येक वर्षे माझ्याविरुद्धचा पुरावा ठरला: याला जमते, त्या अर्थी हा मुद्दाम करतो. थोडा वेळ रोखून धरता येणे हेच या विकाराचे एक लक्षण आहे, हे मला सत्ताविसाव्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टांकडून कळले.

ज्यांच्या स्वतःच्या किंवा मुलाच्या चेहऱ्यावर असे आचके नुकतेच दिसू लागले आहेत, त्यांनी कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे इथे मांडले आहे. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न मात्र विचारावा लागेल: त्रास कोणाला होतो आहे, ज्याच्या चेहऱ्यावर आचका येतो त्याला, की पाहणाऱ्याला? उपचार हवेत की नकोत आणि किती हवेत, हे पहिल्याच्या त्रासावरून ठरवायचे असते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ते दुसऱ्याच्या अस्वस्थतेवरून ठरते आणि त्यातून मुलाला लाज आणि नको असलेली औषधे दोन्ही मिळतात.

पहिली पायरी: हे नेमके काय आहे, ते ओळखणे

डॉक्टर ज्याला टिक म्हणतात, तो अचानक येणारा, क्षणभराचा, पुन्हा पुन्हा होणारा पण ठरावीक ताल नसलेला आचका असतो. डोळे मिचकावणे, भुवया उडवणे, नाक मुरडणे, ओठ ओढणे, जबडा ताणणे आणि मान झटकणे हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. खाकरणे, नाक ओढणे किंवा घशातून आवाज काढणे हेही टिकच असू शकतात. मोठी मुले आणि प्रौढ बहुधा सांगतात की आचक्याआधी त्या जागी एक खाज, दाब किंवा ताण साचतो आणि आचका येऊन गेला की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. मी माझ्या बायकोला ते शिंकेच्या उदाहरणाने समजावले होते: शिंक थोडी लांबवता येते, रद्द करता येत नाही. टिक आठवड्यागणिक कमीजास्त होतात, जागा बदलतात, थकव्यात आणि ताणात वाढतात. आनंदाच्या भरातही त्या वाढतात, म्हणून गणपतीच्या दहा दिवसांत, ढोलपथके, जागरणे आणि पाहुण्यांच्या गर्दीत मुलाचे आचके एकाएकी वाढलेले दिसले, तर त्याच्या मनात काही दुःख दडले आहे असा निष्कर्ष काढू नये.

त्या बहुधा चार ते सहा या वयात सुरू होतात, दहा ते बारा या वयात सर्वाधिक तीव्र असतात आणि पुष्कळांच्या बाबतीत पौगंडावस्था सरताना बऱ्याच ओसरतात. मुलींपेक्षा मुलग्यांत त्या अधिक आढळतात. सुरुवात होऊन वर्ष झालेले नसेल तर निदान तात्पुरते धरले जाते. वर्षाहून अधिक काळ केवळ हालचालींच्या किंवा केवळ आवाजाच्या टिक राहिल्या तर त्याला दीर्घकालीन टिक विकार म्हणतात. एकाहून अधिक हालचालींच्या टिक आणि किमान एक आवाजाची टिक वर्षभराहून अधिक काळ असेल, आणि हे सारे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असेल, तर ते टुरेट सिंड्रोम ठरते. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये अशा नऊ रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. तोंडातून अनावर शिव्या जाणे म्हणजे टुरेट, ही चित्रपटांनी पसरवलेली समजूत आहे. प्रत्यक्षात ते लक्षण थोड्याच जणांत असते, तेव्हा हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घाबरून जाऊ नये.

चेहऱ्यावरचा प्रत्येक आचका मात्र टिक नसतो, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येकाची वाट वेगळी असते. एकाच डोळ्याची, बहुधा खालची पापणी बारीक थरथरणे, ज्याला आपण डोळा लवणे म्हणतो आणि डावा की उजवा यावरून शकुन पाहतो, ते जवळजवळ नेहमी निरुपद्रवी असते. अपुरी झोप, जास्तीचा चहा-कॉफी आणि ताण हीच त्याची नेहमीची कारणे असतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते आपोआप थांबते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री दोनपर्यंत चहावर जागणाऱ्या परीक्षार्थींना याचा अनुभव असेल.

चेहऱ्याच्या एकाच बाजूला, आधी डोळ्याभोवती सुरू होऊन पुढे गाल आणि तोंडापर्यंत उतरणारे, रोखता न येणारे आणि झोपेतही चालू राहू शकणारे आचके हे अर्ध्या चेहऱ्याच्या आकडीचे लक्षण असते. हा विकार मध्यमवयात आणि स्त्रियांत अधिक दिसतो. त्यात बहुधा मेंदूच्या बुंध्यापाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाब देत असते. दोन्ही डोळे एकाच वेळी घट्ट मिटणे, प्रखर उजेडात ते वाढणे आणि वाचताना किंवा रस्ता ओलांडताना डोळे उघडताच न येणे हा पापण्यांचा वेगळा विकार आहे आणि तो साधारणतः पन्नाशीनंतर सुरू होतो. उतारवयात ओठांची किंवा जिभेची सतत चाळवाचाळव सुरू झाली असेल, तर घरातल्या औषधांचा डबा उघडून पाहावा. मानसिक आजारांवरची काही औषधे, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि ॲसिडिटीच्या काही संयुक्त गोळ्यांत असणारे लेवोसल्पिराइड यांच्यामुळे, विशेषतः ती दीर्घकाळ घेतल्यास, अशा हालचाली सुरू होऊ शकतात. लेवोसल्पिराइडचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण एकदा लिहून दिलेली ही गोळी वर्षानुवर्षे दुकानातून परस्पर आणली जाते आणि तिचा चेहऱ्याशी संबंध असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. औषध आपणहून बंद न करता आधी डॉक्टरांना विचारावे.

आचक्याच्या वेळी मूल हाकेला ओ देत नसेल, शून्यात पाहत असेल किंवा नंतर गोंधळलेले असेल, तर ती फीट असू शकते आणि तपासणी लांबवू नये. एकाएकी तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर तो पक्षाघात समजून लगेच १०८ वर फोन करावा.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची नोंद

डॉक्टरांच्या खोलीत शिरताच टिक गायब होणे हा जवळजवळ सर्वांचा अनुभव आहे, म्हणून जाण्याआधी दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवावी: कोणता आचका, दिवसाच्या कोणत्या वेळी, त्याआधी काय चालले होते, झोप किती झाली होती, आणि त्यामुळे काही अडले का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. वाचताना ओळ सुटते का, मान दुखते का, डबा खाताना मुले हसतात म्हणून मूल एकटे बसते का, हे त्यात यायला हवे. सोबत मोबाइलवर दोन-तीन लहान चित्रफिती घ्याव्यात. मुलाला विश्वासात घेऊन, डॉक्टरांना दाखवण्यासाठी आहेत असे सांगून त्या घ्याव्यात, कारण चोरून केलेले चित्रण मुलाच्या लक्षात येते आणि मग आपल्याकडे सतत कोणीतरी पाहत आहे ही भावना टिक वाढवते. ही नोंद आई-वडिलांनीच ठेवावी. मुलाला स्वतःचे आचके मोजायला बसवू नये. मोजणे उपचाराचा भाग म्हणून पुढे येते, पण ते प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली.

तिसरी पायरी: पुण्यात कोणाकडे जावे

मूल फक्त डोळे मिचकावत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, कारण चष्म्याचा नंबर, ॲलर्जी आणि डोळ्यांचा कोरडेपणा यांतूनही डोळे मिचकावले जातात, आणि बांधकामांच्या व वाहनांच्या धुळीत वाढणाऱ्या पुण्यातल्या मुलांबाबत ही शक्यता खरोखर असते. डोळे ठीक असतील, किंवा आचके एकाहून अधिक जागी असतील, तर मुलांसाठी बालमेंदूविकारतज्ज्ञ आणि प्रौढांसाठी न्यूरॉलॉजिस्ट हा योग्य पत्ता आहे. चंचलपणा, एकाग्रतेचा अभाव, तेच तेच तपासण्याचा किंवा हात धुण्याचा अनावर विचार, खोल चिंता यांपैकी काही सोबत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवावे. अनेक मुलांच्या बाबतीत टिकपेक्षा या सोबतच्या गोष्टीच अभ्यासाला आणि मैत्रीला अधिक नडतात, आणि त्यांवर उपचार केल्यावर टिक तशाच असूनही घर शांत झालेले मी पाहिले आहे.

शासकीय सेवा हवी असेल, तर पुणे रेल्वे स्थानकाजवळचे ससून सर्वसाधारण रुग्णालय आहे. तिथे सकाळी लवकर पोहोचून केस पेपर काढावा आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. रास्ता पेठेतले केईएम आणि एरंडवण्यातले दीनानाथ मंगेशकर यांसारख्या धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत उत्पन्नाच्या दाखल्यावर निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीची तरतूद असते. कागदपत्रे कोणती लागतील, हे तिथल्या समाजसेवा विभागात आधी विचारून घ्यावे. मनावरचा ताण असह्य झाला आणि लगेच बोलायला कोणी हवे असेल, तर केंद्र शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

नमुनेदार टिकचे निदान इतिहास ऐकून आणि तपासून होते, त्यासाठी बहुधा एमआरआय किंवा रक्ततपासण्यांची गरज नसते. अर्ध्या चेहऱ्याच्या आकडीत मात्र एमआरआय आवश्यक ठरतो. तपासणी सुचवली गेली, तर त्यातून उपचारात काय बदलेल, असे नम्रपणे विचारावे. चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

आणखी एक गोष्ट. किशोरवयात किंवा त्यानंतर, आधी काहीही नसताना, एकदोन दिवसांत मोठ्या आणि गुंतागुंतीच्या हालचाली सुरू झाल्या असतील, तर त्या वेगळ्या प्रकारच्या, कार्यात्मक हालचाली, म्हणजे मेंदूच्या रचनेत दोष नसून कामकाजातल्या बिघाडातून येणाऱ्या हालचाली, असू शकतात. २०२० नंतर, कोविडच्या काळात, अनेक देशांत विशेषतः मुलींमध्ये त्या वाढलेल्या दिसल्या. त्या खोट्या नसतात, पण त्यांच्यावरचे उपचार वेगळे असतात आणि टिकवरची औषधे त्यांना लागू पडत नाहीत.

चौथी पायरी: उपचार हवेत का, हे ठरवणे

टिक दुखत नसेल, काही अडवत नसेल आणि मुलाला तिचे फारसे काही वाटत नसेल, तर काही न करता लक्ष ठेवणे हा पूर्णपणे योग्य वैद्यकीय निर्णय आहे. नातेवाईक त्याला हलगर्जीपणा म्हणतील. त्यांना शांतपणे सांगावे की डॉक्टरांना दाखवले आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणार आहोत. टिक थांबवली नाही तर मेंदूला इजा होते किंवा ती पक्की होते, याला आधार नाही.

या काळात घराने करायचे काम एकच आणि फार अवघड आहे: आचक्याचा उल्लेख न करणे. ‘बघ, पुन्हा केलेस,’ हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ते टोकणेच ठरते. माझ्या मावशीने आमच्याकडे आल्यावर माझ्या तोंडाकडे कधी पाहिले नाही असे नाही, पण पाहून ती बोलणे पुढे चालू ठेवत असे. तिच्यासमोर माझे आचके कमी होत. कशामुळे, ते मला फार उशिरा कळले. झोपेची वेळ सांभाळावी, खेळ आणि वाद्य बंद करू नये. तबला किंवा पोहणे यात मन गुंतले की अनेकांच्या टिक तेवढ्या वेळापुरत्या थांबतात.

पाचवी पायरी: सवय उलटवण्याचे प्रशिक्षण

उपचार हवेत असे ठरले, तर बहुतेकांसाठी औषधाआधी हा मार्ग सुचवला जातो, आणि मी स्वतः यावर सर्वाधिक भर देईन. हॅबिट रिव्हर्सल नावाची ही पद्धत अमेरिकेत १९७३ मध्ये मांडली गेली. तिच्यावर उभारलेला विस्तृत वर्तनोपचार २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ ते १७ वर्षांच्या १२६ मुलांवर तपासला गेला आणि दहा आठवड्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली, तर केवळ माहिती आणि आधार मिळालेल्या मुलांत ते प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी होते. साधारण आठ बैठका असतात.

त्याची रीत अशी. पहिल्यांदा आचक्याआधीचा ताण कुठे आणि कसा जाणवतो, हे ओळखायला शिकवले जाते. मला तो नाकपुडीच्या बाजूला सुई टेकल्यासारखा जाणवे, पण तीस वर्षे त्याकडे लक्षच गेले नव्हते. मग त्या आचक्याच्या आड येणारी, सोपी आणि चारचौघांत न दिसणारी हालचाल ठरवली जाते, आणि ताण जाणवताच ती साधारण एक मिनिट किंवा ताण ओसरेपर्यंत धरून ठेवायची असते. जोराने डोळे मिचकावण्यासाठी सावकाश, हलक्या लयीत पापण्या मिटत-उघडत राहणे, नाक मुरडण्यासाठी वरचा ओठ किंचित खाली ओढून धरणे, तोंड ओढले जात असेल तर ओठ हलकेच मिटून दात सैल ठेवणे, अशा या जोड्या असतात. एका वेळी एकच टिक घ्यायची, आणि तीही त्या माणसाला सर्वाधिक जाचणारी. आईला सर्वाधिक खटकणारी कोणती, हा निकष नाही. तिसऱ्या भागात परिस्थिती बदलतात: गृहपाठाआधी भावंड चिडवते आणि आचके वाढतात, तर चिडवणे थांबवणे हाही उपचारच आहे.

यात आणि माझ्या बाईंनी फळ्यापुढे करून घेतलेल्या गोष्टीत काय फरक, असे कोणी विचारेल. तिथे मी सगळे दात-ओठ आवळून सगळेच दाबत होतो आणि पाढ्याखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. इथे एकाच ताणाला ओळखून, घाई न करता, तो उतरू द्यायचा असतो. थोपवलेल्या टिक नंतर दुप्पट उसळतात, अशी भीती घातली जाते. या पद्धतीच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांना ताण ओळखणे जड जाते, त्यांच्यासाठी पालकांना शिकवणे अधिक उपयोगी पडते.

अडचण शिकवणाऱ्यांची आहे. फोन करताना केवळ समुपदेशन मिळेल का असे न विचारता, टिकसाठीचे हॅबिट रिव्हर्सल आपण शिकला आहात का, आणि किती रुग्णांसोबत ते केले आहे, असे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना स्पष्ट विचारावे. पुण्यात कोणी जवळ मिळाले नाही, तर ऑनलाइन बैठकांचाही विचार करावा.

सहावी पायरी: औषधे

औषधाने टिक कमी होतात, बहुधा नाहीशा होत नाहीत, हे आधीच मनाशी धरावे. मुलांत बऱ्याचदा क्लोनिडीनने सुरुवात होते. त्याने झोप येते, रक्तदाब उतरू शकतो आणि ते एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळू शकतो, म्हणून दौऱ्यावर किंवा गावी जाताना गोळ्या मोजून न्याव्यात. टिक अधिक तीव्र असतील तर ॲरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोन दिले जाते. या औषधांनी वजन आणि भूक वाढू शकते, तेव्हा सुरुवातीलाच वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवावा. हॅलोपेरिडॉल जुने आणि परिणामकारक आहे, परंतु त्याने ताठरपणा आणि बेचैनी येऊ शकते. टेट्राबेनाझिनने नैराश्य येऊ शकते, म्हणून घरच्यांनी मनःस्थितीवर लक्ष ठेवावे. नसांच्या ताकदीसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा उपयोग रक्तात त्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तरच आहे.

सातवी पायरी: इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

अर्ध्या चेहऱ्याची आकडी आणि पापण्या घट्ट मिटण्याचा विकार यांवर बोटुलिनम टॉक्सिनचे, म्हणजे बोटॉक्स या नावाने ओळखले जाणारे, इंजेक्शन हा मुख्य उपचार आहे. एखादीच टिक हट्टी असेल, तर तीवरही ते वापरतात आणि काहींचा आधीचा ताणही त्याने कमी होतो. सूक्ष्म मात्रा चेहऱ्याच्या ठरावीक स्नायूंत टोचली जाते, परिणाम काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो, म्हणजे हा खर्च पुन्हा पुन्हा येणारा आहे. पापणी काही आठवडे जड होणे किंवा डोळा कोरडा पडणे असे त्रास होऊ शकतात. सौंदर्योपचारांच्या दालनात न जाता या विकारांसाठी ते नियमित देणाऱ्या न्यूरॉलॉजिस्ट किंवा नेत्रतज्ज्ञांकडूनच घ्यावे. अर्ध्या चेहऱ्याच्या आकडीत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनची लहान गादी बसवण्याची शस्त्रक्रियाही होते. ती मूळ कारणावर घाव घालते, पण त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्याचा धोका असतो. मेंदूत तारा बसवून उत्तेजन देणे हे अतिशय तीव्र, सर्व उपाय थकलेल्या टुरेटपुरतेच राखलेले आहे.

शाळा, कचेरी आणि रस्ता

वर्गशिक्षकांना डॉक्टरांचे पत्र द्यावे आणि दोनच गोष्टी मागाव्यात: आचक्यावर टोकू नये, आणि मूल मागेल तेव्हा त्याला दोन मिनिटे वर्गाबाहेर जाऊ द्यावे. परीक्षेत वेगळ्या खोलीची किंवा जादा वेळेची गरज वाटली, तर वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी बोलावे.

डोळे अनावरपणे मिटत असतील, तर उपचार लागू पडेपर्यंत दुचाकी चालवू नये. कर्वे रस्त्यावर दोन सेकंद डोळे मिटणे हा जिवाशी खेळ आहे. उन्हात गडद चष्म्याने अशा पापण्यांना आराम मिळतो. काही मुलींनी मला सांगितले आहे की गाडीवर धुळीसाठी बांधतात तो स्कार्फ त्या उतरल्यावरही सोडत नाहीत, कारण त्यामागे तोंड मोकळे राहते. काही दिवस तसा आडोसा घ्यायला हरकत नाही.

पुरुषांच्या वाट्याला एक वेगळा प्रसंग येतो. विशीत असताना शहरातल्या एका गर्दीच्या बसमध्ये माझा डावा डोळा मिचकला आणि समोरच्या मुलीला वाटले की मी डोळा मारला. तिची चूक नव्हती, तिला दररोज काय सोसावे लागते हे मला ठाऊक होते, पण भोवतालचे लोक कॉलर धरेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून एक वाक्य मी पाठ करून ठेवले आहे आणि ते पाकिटातल्या कार्डावर लिहिलेलेही असते: ‘माझ्या चेहऱ्याच्या स्नायूंना आपोआप आचके येतात, हा मज्जासंस्थेचा विकार आहे, मी आपल्याला उद्देशून काही केले नाही.’ गैरसमज दिसला की आवाज न चढवता ते म्हणावे, नजर बाजूला वळवावी आणि शक्य असल्यास जागा बदलावी. नव्या कचेरीत हेच वाक्य पहिल्याच आठवड्यात, मुलाखतीच्या वेळी हवे तर सुरुवातीलाच, स्वतःहून सांगून टाकावे. शाळकरी मुलाला त्याच्या शब्दांतले छोटे वाक्य तयार करू द्यावे. माझ्या भाचीचे वाक्य आहे, ‘ते आपोआप होतं, तू खेळ.’